कॅमेरा आणि लाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरून रेसिपीचे किंवा शिकवणीचे व्हिडिओ करणारे, साड्या-दागिने ऑनलाइन विकणारे, लग्नामुंजीत हौसेने फोटो काढणारे आणि नवा कॅमेरा घेऊन मेन्यूत हरवलेले, अशा सगळ्यांकडून येणारे हे प्रश्न. तेच ते इतक्यांदा येतात की एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बहुतेक उत्तरं मोबाइल आणि कॅमेरा दोन्हींना लागू पडतात.

१. सुरुवातीला कुठला कॅमेरा घेऊ? की मोबाइलवरच भागेल?

हातात आहे त्या मोबाइलवर सुरू करा. उजेड बरा असेल तर मोबाइल फारसा कमी पडत नाही. तो अडतो तीन ठिकाणी: अंधारात, गॅदरिंगला शेवटच्या रांगेतून फोटो काढताना आणि चेहऱ्यामागचं सगळं खरोखर धूसर हवं असेल तेव्हा. यातलं काहीच तुमची रोजची गरज नसेल तर कॅमेऱ्याची घाई नको.

पैसे खर्च करायचेच तर आधी ट्रायपॉड, मग कॉलरला लावायचा माइक, मग एक लाइट आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. लोक नेमकं उलट करतात आणि महागड्या कॅमेऱ्याने ट्यूबच्या उजेडात शूट करत बसतात. कॅमेरा घेतलाच तर सोबत येणाऱ्या १८-५५ लेन्सच्या जोडीला ५० एमएम एफ १.८ घ्या, ती तुलनेने स्वस्त असते आणि कमी उजेडात कामाला येते. जुनी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घ्यायला हरकत नाही, जुनी लेन्स घेताना मात्र बुरशी बघा (प्रश्न १६).

२. अपर्चर, शटर, आयएसओ म्हणजे नक्की काय? प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात.

फोटो किती उजळ येणार, हे ठरवणाऱ्या या तीन गोष्टी. अपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं भोक. त्याचे ‘एफ’ आकडे असे चालतात: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा लहान तितकं भोक मोठं, आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. भोक मोठं असलं की मागचं धूसर होतं, लहान असलं की पुढचं-मागचं सगळं स्पष्ट दिसतं. शटर म्हणजे किती वेळ उजेड आत येतो: १/५० सेकंद, १/५०० सेकंद वगैरे. वेळ जास्त तर हलणारी गोष्ट पुसट होते. आयएसओ उजेड वाढवत नाही, आलेला सिग्नल वाढवून दाखवतो. म्हणून तो फार चढवला की चित्रात दाणे येतात.

हे तिन्ही एकमेकांत बदलून घ्यायचे असतात. एक आकडा पाठ करून ठेवा: रणरणत्या उन्हात आयएसओ १००, एफ १६, शटर १/१००. आता लेझीम खेळणाऱ्यांचे पाय गोठवायचे म्हणून शटर १/८०० केलं, तर तीन पायऱ्या उजेड कमी झाला. तो एफ १६ वरून एफ ५.६ वर आलात की भरून निघतो. एवढं हिशेबाने जमलं की मॅन्युअल मोडची भीती जाते.

बहुतेक मोबाइलमध्ये अपर्चर बदलत नाही, फोन शटर आणि आयएसओवरच खेळतो. तुमच्या हातात असतं ते स्क्रीनवर बोट ठेवून वर-खाली सरकवणं आणि बोट दाबून धरून एक्स्पोजर (म्हणजे फोटोचा उजळपणा) लॉक करणं. त्या लॉकची सवय लावून घ्या.

३. खिडकीपुढे उभं राहिलं की तोंड काळं येतं. फोनमध्ये काही बिघाड आहे का?

नाही. कॅमेऱ्याला माणूस आणि खिडकी यांत फरक कळत नाही. समोर जे काही आहे त्याची सरासरी तो मध्यम करड्या छटेवर आणतो. मागे पांढरीधोप खिडकी असेल तर तो सगळंच उतरवतो आणि त्यात चेहरा बुडतो. माणसाला वळवा, खिडकी बाजूला किंवा समोर येऊ द्या. वळवणं शक्य नसेल तर बोट चेहऱ्यावर ठेवून लॉक करा. खिडकी पांढरी फटक होईल, होऊ द्या.

याच कारणाने पांढऱ्या धोतर-सदऱ्यातले आजोबा करडे दिसतात आणि काळ्या चंद्रकळेतल्या आजींचा चेहरा उडून जातो. पहिल्या प्रसंगी एक्स्पोजर एखाद्या पायरीने वाढवायचं, दुसऱ्यात तितकंच कमी करायचं. उलट वाटतं, पण करून बघा.

४. लाइट विकत न घेता फक्त खिडकीवर काम कसं भागवायचं?

खिडकी हा घरातला सगळ्यात चांगला लाइट आहे आणि तो बहुतेक घरांत सोफ्याच्या मागे वाया जातो. माणसाला खिडकीपासून हातभर ते मीटरभर अंतरावर बसवा, खिडकी त्याच्या एका बाजूला आणि किंचित पुढे. कॅमेरा खिडकीला पाठ लावून नाही, खिडकीच्या भिंतीला समांतर. आता चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत दिसेल. सावलीच्या बाजूला पांढरी कार्डशीट धरा. ती हळूहळू जवळ न्या आणि डोळ्याखालची काळी छटा कशी निवळत जाते ते बघा. जिथे छान वाटेल तिथे थांबा. या दोन मिनिटांच्या खेळात जेवढं कळतं तेवढं लाइटवरच्या तासभराच्या व्याख्यानात कळत नाही.

थेट ऊन येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरा पडदा लावा. जुनं धुवट धोतर त्याहून छान काम करतं. सावली मऊ की धारदार, हे दिव्याच्या ताकदीवर नसतं. वस्तूच्या मानाने दिवा केवढा दिसतो त्यावर असतं. उन्हात सूर्य आकाशात टिकलीएवढा, म्हणून सावली चाकूने कापल्यासारखी. धोतर लावलं की अख्खी खिडकीच दिवा होते.

पुस्तकांत उत्तरेची खिडकी उत्तम असं लिहिलेलं असतं, कारण तिथून थेट ऊन येत नाही. युरोपसाठी ते बऱ्यापैकी खरं आहे. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत शिरतं. जूनमध्ये हे सर्वांत जास्त. दिवाळी ते शिमगा मात्र उत्तरेची खिडकी दिवसभर विश्वासाने वापरा.

५. ट्यूब लावली की उजेड वाढतो. मग बंद करा असं का सांगता?

कारण उजेडाला रंग असतो आणि दोन रंगांचा उजेड एकाच चेहऱ्यावर आला की कॅमेरा एकालाच सांभाळू शकतो. समईची ज्योत साधारण १९०० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं एकक), पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, आपल्या घरातली पांढरी एलईडी ट्यूब बहुधा ६५००, आणि सावलीतला आकाशाचा उजेड त्याहूनही निळा. डोळा हे सगळं जुळवून घेतो. कॅमेऱ्यात मात्र एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो, आणि ते नंतर एडिटिंगमध्येही धड निघत नाही.

म्हणून एका वेळी एका जातीचा उजेड. खिडकी वापरताय तर ट्यूब, झुंबर, देवघरातला बल्ब, सगळं बंद. रात्री शूट करताय तर पडदे ओढा आणि सगळे दिवे एकाच रंगाचे ठेवा. आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग जुळवतो ते) ऑटोवर ठेवू नका. व्हिडिओ चालू असताना लाल साडीतलं कुणी फ्रेममध्ये आलं की ऑटो मध्येच रंग बदलतो. पांढरा कागद दाखवून एकदाच लॉक करा.

६. एकच एलईडी लाइट घेणार आहे. कुठला घेऊ आणि कुठे लावू?

खोक्यावर वॅट बघण्याआधी सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा. ९५ च्या आसपास हवा, ९० च्या खाली नको. सीआरआय कमी असला की त्वचा मेलेली दिसते आणि हळदीचा रंग मातकट होतो. दुसरं म्हणजे सोबत सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड असलेली पेटी) किंवा छत्री लावता यायला हवी. उघडा एलईडी थेट तोंडावर मारू नका.

जागा: कॅमेऱ्याच्या एका बाजूला साधारण ४५ अंशांवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा हातभर वर, खाली झुकवलेला. नाकाची सावली गालाकडे तिरपी उतरली पाहिजे. ओठांवर आडवी आली तर लाइट फार वर गेलाय. या मुख्य दिव्याला की लाइट म्हणतात. समोरच्या बाजूची कार्डशीट म्हणजे फिल. तिसरा, मागून केसांवर आणि खांद्यावर कड काढणारा बॅक लाइट. तीन लाइट लागतात असं ऐकून घाबरू नका. एक लाइट आणि एक कार्डशीट यांवर कितीतरी मुलाखती निघतात.

लाइट जवळ आणला तर तो मऊही होतो आणि ताकदवानही. अंतर दुप्पट केलंत की उजेड चौथाईवर येतो. याचा उपयोग असाही: भिंत काळोखी हवी असेल तर माणूस आणि लाइट दोघांना भिंतीपासून लांब आणा, भिंत आपोआप उतरते.

लाइट भिंतीवर किंवा छतावर मारून परतवायचा असेल तर आधी भिंतीचा रंग बघा. आपल्याकडे पोपटी आणि गुलाबी भिंतींची हौस आहे. पोपटी भिंतीवरून परतलेला उजेड माणसाला कावीळ झाल्यासारखा दाखवतो. अशा घरात भिंतीवर पांढरी चादर लावून तिच्यावर लाइट मारा.

७. रिंग लाइट चालेल ना? सगळेच वापरतात.

मेकअप आणि मेंदीसाठी चालेल, कारण तिथे सावली नकोच असते. बाकी कामाला तो चेहरा पापडासारखा सपाट करतो. आधीच घेतला असेल तर फोन त्याच्या मधून काढून घ्या, लाइट एका बाजूला सरकवा आणि पुढे धोतराचा तुकडा ताणून लावा. झाला सॉफ्टबॉक्स.

८. चष्म्यात लाइट चमकतो. दर वेळी चष्मा काढायला सांगणं बरं दिसत नाही.

काढायला सांगूच नका. चष्म्याशिवाय माणूस ओळखू येत नाही आणि नाकावरचे वळ दिसतात. काचेवरून उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, एवढंच लक्षात ठेवा. लाइट अजून वर आणि अजून बाजूला न्या. तेवढ्याने गेलं नाही तर चष्म्याच्या काड्या कानांवरून दोन-चार मिलिमीटर वर उचलायला सांगा; काचा खाली झुकतात आणि चमक जमिनीकडे जाते. समोर लॅपटॉप असेल तर त्याची स्क्रीनही चष्म्यात दिसते, ती मिटा.

९. घरात व्हिडिओ काढला की काळे पट्टे सरकताना दिसतात. हे काय आहे?

आपल्याकडे विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. मोबाइलमध्ये प्रो व्हिडिओ मोड किंवा शटर हाताने ठेवता येणारं एखादं ॲप वापरा; काही फोनच्या सेटिंगमध्ये ५० आणि ६० हर्ट्झ अशी निवडही असते.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्यांसाठी: तिथला पुरवठा ६० हर्ट्झचा, म्हणून शटर १/६० किंवा १/१२०. इथे घेतलेला कॅमेरा तिथे गणपतीच्या कार्यक्रमात पट्टे दाखवायला लागला तर कॅमेरा बिघडलेला नाही.

दोन अपवाद. स्लो मोशनमध्ये, म्हणजे सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेम घेताना, शटर १/१०० ठेवताच येत नाही. तिथे दिवसाच्या उजेडात शूट करणं किंवा फ्लिकर नसलेला व्हिडिओ लाइट वापरणं एवढाच मार्ग. दुसरं, स्वस्त एलईडी डिमरने कमी केला की तो भराभर चालू-बंद होऊन उजेड घटवतो आणि पट्टे पुन्हा येतात. असा लाइट पूर्ण ताकदीवर ठेवा आणि लांब सरकवा.

१०. २४, २५, ३०, ६०: यातले किती फ्रेम ठेवू?

भारतात घरातल्या दिव्यांखाली शूट करणार असाल तर २५ सोयीचे. फोनमध्ये २५ नसतील तर ३० ठेवा आणि शटर प्रश्न ९ प्रमाणे. ६० फक्त नंतर गती निम्मी करायची असेल तेव्हा. एका व्हिडिओत वेगवेगळे फ्रेम रेट मिसळू नका.

शटर साधारण फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवतात: २५ फ्रेमना १/५०. त्यामुळे हालचाल नैसर्गिक दिसते. पण भर उन्हात १/५० ठेवलं तर सगळं पांढरं होतं, म्हणून लेन्सवर एनडी फिल्टर लावायचा. तो लेन्सचा गॉगलच. एनडी ८ तीन पायऱ्या उजेड अडवतो, एनडी ६४ सहा. आपल्या उन्हाला दुसराच लागतो.

११. सेल्फीत आणि व्हिडिओत नाक मोठं का दिसतं?

फोन फार जवळ आहे म्हणून. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, चेहरा फ्रेममध्ये भरायला जवळ जावं लागतं, आणि मग कानांपेक्षा नाक लेन्सच्या बरंच जवळ येतं. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. दीड-दोन मीटर मागे या आणि फोनमध्ये २ एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी नुसता झूम करणं म्हणजे फोटो कापणंच, पण चेहऱ्यासाठी तेही जवळ जाण्यापेक्षा बरं.

लगे हाथ फ्रेमचंही: डोळे वरच्या तिसऱ्या भागात, डोक्यावर चार बोटं जागा, आणि माणूस ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला जास्त मोकळी जागा. मागचा पंखा किंवा कुंडी डोक्यातून उगवलेली नाही ना, तेही बघा.

१२. रेसिपी छान होते, पण व्हिडिओत रस्सा काळपट दिसतो आणि वाफ दिसतच नाही.

लाइट समोरून येतोय. जेवणाच्या फोटोत लाइट मागून किंवा मागच्या कोपऱ्यातून यायला हवा. ताट हे घड्याळ धरलं आणि तुम्ही सहाच्या जागी उभे असाल, तर लाइट दहा किंवा अकराच्या जागी. मग तर्रीवर चमक येते, पोह्यांचा दाणा न् दाणा सुटा दिसतो, कोथिंबिरीच्या पानातून हिरवा उजेड पाझरतो. पुढची बाजू काळवंडेल, तिथे छोटी कार्डशीट उभी करा, ताटाला जवळजवळ टेकवून.

वाफ ही मागून येणाऱ्या उजेडात आणि गडद पार्श्वभूमीवरच दिसते. पांढऱ्या टाइल्सवर ती हरवते. म्हणून वाफेचा शॉट ओट्यावर घेण्याचा हट्ट सोडा. कढई खिडकीजवळच्या टेबलावर आणा, मागे गडद कापड किंवा जुनी लाकडी पाटी ठेवा, पंखा बंद करा, आणि झाकण उचलण्याआधी रेकॉर्डिंग सुरू करा. कांदेपोह्यांवर झाकण असताना जमलेली वाफ उचलल्यावर पहिले पाच-सात सेकंदच भरून येते. तेवढ्यात शॉट मिळाला तर मिळाला, नाहीतर पुन्हा झाकण ठेवून एक वाफ काढा.

वरून घेतलेल्या शॉटमध्ये स्वतःच्या हाताची आणि फोनची सावली ताटात पडते. तिथे लाइट बाजूने घ्या आणि तुमचा कामाचा हात लाइटच्या उलट बाजूने येईल असं उभं राहा. डावखुऱ्यांनी सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटवायची. कढईच्या वर फोन लावला असेल तर दर दोन शॉटनंतर लेन्स पुसा; फोडणीच्या तेलाचा थर बसून व्हिडिओ धुकट होतो आणि लोक फोकसला दोष देतात.

१३. पैठणीचा रंग फोटोत वेगळा येतो. गिऱ्हाईक परत पाठवतं. काय करू?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिला तीन कारणं एकदम असतात. एक, मिश्र उजेड आणि ऑटो व्हाइट बॅलन्स. ते प्रश्न ५ मध्ये आलंय. साडीशेजारी पांढरा किंवा करडा कागद ठेवून पहिला फोटो काढा आणि नंतर सगळे फोटो त्याच्यावरून जुळवा.

दोन, राणी, मरून आणि गडद जांभळा हे रंग कॅमेऱ्याला झेपत नाहीत. एकूण फोटो बरोबर दिसतो, पण लाल रंगाची पट्टी काठोकाठ भरून सांडलेली असते, म्हणून पदरावरचं विणकाम एकसंध लाल डाग होतं. एक्स्पोजर अर्ध्या-पाऊण पायरीने कमी ठेवा. कॅमेऱ्यात हिस्टोग्राम (उजेडाची विभागणी दाखवणारा आलेख) असेल तर लाल रंगाचा वेगळा बघा, एकत्रित बघू नका. फोनचं ‘व्हिव्हिड’ प्रोफाइल बंद करा.

तीन, रेशमाला स्वतःची दुरंगी चमक असते. धूप-छाँव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा; कोन बदलला की रंगही बदलतो. तिचा एकच खरा फोटो निघू शकत नाही. सपाट घडीचा एक, चुणी पडलेला एक, आणि हातात फिरवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ द्या. गिऱ्हाईक परत पाठवतं ते बहुधा याच साड्या, आणि व्हिडिओ दिला की निम्मी कटकट मिटते.

जरीसाठी लाइट कापडाला जवळजवळ समांतर, अगदी तिरपा घ्या. पदरावरचे मोर उठून येतात. समोरून लाइट मारला तर जर पांढरी पडते. पोलरायझर फिल्टर लावून जरीची चमक जाईल असं वाटतं, पण धातूवरून परतलेल्या उजेडावर तो जवळपास निष्प्रभ असतो. पितळेच्या भांड्यांनाही हेच लागू. त्यांना चमक मोठी आणि मऊ हवी, म्हणजे पुन्हा धोतर.

१४. आरतीच्या वेळी फ्लॅश मारला तर मजा जाते, नाही मारला तर सगळं अंधारात. मधला मार्ग?

फ्लॅश नको. ट्यूब बंद करा आणि लांबच्या खोलीतला एखादा पिवळा दिवा दारातून येऊ द्या, म्हणजे मागची माणसं पूर्ण बुडत नाहीत. ज्यांचा चेहरा हवा त्यांना निरांजनाच्या जवळ आणा. अंतराचा नियम प्रश्न ६ मधलाच, आणि ज्योतीसारख्या लहान दिव्याला तो जास्तच लागतो. एफ १.८, शटर १/६०, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा. मापन चेहऱ्यावर, ज्योतीवर नाही.

व्हाइट बॅलन्स ३००० ते ३५०० केल्विनच्या मधे ठेवा. ऑटो त्या पिवळेपणाला दोष समजून धुऊन काढतो आणि आरती दवाखान्यात चाललीय असं वाटतं. मोबाइलचा नाइट मोड इथे घात करतो, कारण तो काही क्षणांचे फोटो जोडतो आणि टाळ्या वाजवणारे हात भुतासारखे दिसतात. व्हिडिओ काढा आणि त्यातली एखादी फ्रेम उचला.

१५. बाहेर शूट करायला उत्तम वेळ कोणती? आमचा कार्यक्रम नेमका दुपारी बाराला असतो.

सकाळी उन्हं कोवळी असताना आणि संध्याकाळी उतरल्यावर, हे खरं. पण आपल्याकडे ती वेळ फार लवकर संपते. सूर्य आपल्या अक्षांशांवर जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंश वर असल्यापासून मावळेपर्यंत मुंबई-पुण्याला पंचवीस ते तीस मिनिटंच मिळतात. लंडनमध्ये चाळीसच्या आसपास किंवा जास्त. त्यामुळे तिथले ‘गोल्डन अवर’चे धडे बघून निवांत पोचलात तर दिवे लागलेले असतात. अर्धा तास आधी जागेवर सगळं मांडून तयार राहा.

दुपारी बारा वाजता, विशेषतः मे महिन्यात, परिस्थिती सर्वांत वाईट. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मुंबई-पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. हाच शून्य सावली दिवस. त्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि कपाळ पांढरं येतं. उपाय म्हणजे माणसाला मांडवाच्या, ओसरीच्या किंवा झाडाच्या सावलीच्या कडेला आणा, तोंड उघड्या आकाशाकडे. झाडाची सावली दाट हवी. पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर आले तर त्यापेक्षा ऊन परवडलं. सावली नसेलच तर दोघांनी डोक्यावर पांढरी चादर ताणून धरायची.

१६. पावसाळ्यात काम बंद ठेवायचं का? आणि लेन्सला बुरशी लागते हे खरं आहे का?

उजेडाच्या दृष्टीने पावसाळा सोन्यासारखा. अख्खं ढगाळ आकाश म्हणजे एकच मोठा मऊ दिवा, दिवसभर कधीही चेहरे काढा. फक्त फ्रेममध्ये आकाश घेऊ नका, ते पांढरा कागद दिसतं. आणि चेहऱ्यावर उजेड नुसता वरून येतो म्हणून हनुवटीखाली कार्डशीट हवीच.

बुरशी खरी आहे, कोकणात आणि मुंबईत तर हमखास. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा लेन्सच्या आत दिसतात. टॉर्च एका टोकाने मारून दुसऱ्या टोकाने तिरपं बघा. कॅमेरा कातडी बॅगेत किंवा कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे हवा. सिलिका जेलचा रंग पालटला की तापवून पुन्हा वापरता येतं. आणि कॅमेरा वापरत राहा, पडून राहिलेल्या लेन्सलाच बुरशी आधी लागते.

एसी गाडीतून दमट हवेत उतरलात तर लेन्सवर लगेच धुकं बसतं. पुसू नका, लेन्स तर मुळीच बदलू नका. बॅग बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा.

१७. लग्नाच्या हॉलमध्ये फ्लॅशच्या फोटोत खाली काळी पट्टी येते. फ्लॅश खराब झालाय का?

शटर फार वेगवान ठेवलंय. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत १/२०० किंवा १/२५० ही मर्यादा असते, काहींत त्याहूनही कमी. पुढे गेलात की फ्लॅश पेटतो तेव्हा शटरचा पडदा सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या चिपचा) काही भाग झाकून असतो, तीच ती पट्टी. प्रश्न ९ मधल्या पट्ट्यांशी याचा संबंध नाही.

फ्लॅश थेट न मारता छतावर मारून परतवा, छत पांढरं आणि आवाक्यात असेल तर. हल्लीच्या हॉलमध्ये छत दोन मजले उंच आणि गडद रंगाचं असतं. तिथे उजेड परत येतच नाही आणि फ्लॅशची बॅटरी सप्तपदीच्या आधी संपते. अशा ठिकाणी बाजूची पांढरी भिंत शोधा, किंवा फ्लॅशवर छोटा सॉफ्टबॉक्स लावून जवळ जा.

१८. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर निळे-जांभळे एलईडी असतात. गायकाचा चेहरा निळा गोळा दिसतो.

शुद्ध निळ्या उजेडात लाल आणि हिरव्या रंगाची माहितीच नसते, त्यामुळे एडिटिंगमध्ये त्वचेचा रंग परत आणता येत नाही. तिथे जे नाहीच ते कुठून आणणार? एक्स्पोजर एखाद्या पायरीने उतरवा म्हणजे निदान चेहऱ्याचे आकार राहतील, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि शेवटी काही फोटो सरळ कृष्णधवल करा. सगळ्यात चांगला उपाय आधीच करायचा असतो: लाइटवाल्या दादांना भेटून गायकावर समोरून एक पांढरा लाइट कायम ठेवायला सांगा. ते सहसा नाही म्हणत नाहीत, विचारणारं कुणी नसतं इतकंच.

१९. काचेच्या फ्रेममधला आजोबांचा जुना फोटो कॉपी करायचाय. काचेत मीच दिसतो.

काच काढता येत असेल तर काढा. पण जुन्या फोटोंचा थर दमटपणामुळे काचेला चिकटलेला असतो; जरा जरी अडकतंय असं वाटलं तर ओढू नका, फोटो फाटून काचेवर राहील. काचेतूनच काढायचा तर फ्रेम भिंतीला टेकवून उभी करा, कॅमेरा बरोबर मध्यासमोर ट्रायपॉडवर. दोन सारखे लाइट, दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर. मागची खोली अंधारी. कॅमेऱ्याला पुढून काळं कापड लावा, लेन्सपुरतं भोक पाडून, आणि तुम्ही काळा शर्ट घाला. दोन सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हा. थोडं जास्त अंतर ठेवून लांब लेन्स वापरली की उरलीसुरली चमकही सुटते.

२०. मिरवणुकीत लेसर लाइट असतात. त्यांनी कॅमेरा खराब होतो हे खरं की अफवा?

खरं आहे. लेसरची किरणं लेन्समधून जाताना एका बिंदूवर एकवटतात आणि सेन्सरचे पिक्सेल जळतात. नंतर प्रत्येक फोटोत त्या जागी रंगीत ठिपका किंवा आडवी-उभी रेघ दिसते. मोबाइलही यातून सुटत नाही. फिल्टर, कमी आयएसओ, वेगवान शटर, कशानेही भरवशाचं संरक्षण मिळत नाही. किरण तुमच्या दिशेने फिरत असेल तर लेन्स खाली करा, झाकण लावा. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात हा धोका जास्त, कारण चालू असेपर्यंत सेन्सर उघडाच असतो. डीएसएलआरवाल्यांनी (आत आरसा असलेला कॅमेरा वापरणाऱ्यांनी) व्ह्यूफाइंडरमधून लेसरच्या दिशेने बघू नये, तिथे सेन्सरच्या जागी तुमचा डोळा असतो. लेसर किंवा तिच्या खालची मूर्ती टिपायचीच असेल तर गाडी पुढे जाऊ द्या आणि किरण पाठमोरे झाल्यावर मागून काढा.